फिनिक्सचा उन्हाळा आणि गॅरेजचं दार: तुम्ही काय काय काळजी घेता?

वाळूतली_जाई | २१ जुलै, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी, इथे ॲरिझोनात राहणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय, टेक्सास-नेवाडावालेही सांगा. आम्ही गिल्बर्टला राहतो, घर २००६ सालचं, आम्ही २०१९ मध्ये घेतलं. परवा दुपारी तीनच्या सुमारास गॅरेजमधून धाडकन आवाज आला, मला वाटलं वॉटर हीटरचं काहीतरी झालं, धावत जाऊन बघितलं तर सगळं जागच्या जागी. संध्याकाळी मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडायचं होतं म्हणून बटण दाबलं तर दार जेमतेम वीतभर उचललं आणि मोटर कण्हून थांबली. दोन्ही गाड्या आत. नवऱ्याने दार मोटरपासून सोडवायची लाल दोरी ओढून हाताने उचलायचा प्रयत्न केला, मीही हात लावला, दोघांना मिळून गुडघ्याच्या वर नेता आलं नाही. मग वर बघितलं तेव्हा दिसलं, दाराच्या वरच्या दांड्यावर ज्या जाड स्प्रिंगा असतात त्यातली एक तुटून मध्ये दोन बोटांची फट पडलेली. बाहेर ११४ फॅरनहाइट, म्हणजे ४५ सेल्सिअसच्या वर, बंद गॅरेजमध्ये तर त्याहून जास्त, आम्ही दोघं घामाने निथळत होतो आणि पोरगी दारात स्विमिंग बॅग घेऊन उभी.

दुसऱ्या दिवशी एका कंपनीचा माणूस आला, दोन्ही स्प्रिंगा बदलून गेला. जाता जाता मात्र रोलर, केबल, ओपनर (म्हणजे दार चालवणारी ती मोटर), खालचं रबर सगळं "उन्हाने गेलंय, बदलावंच लागेल" म्हणून लांबलचक कोटेशन हातात ठेवलं. आम्ही नाही म्हटलं, पण तेव्हापासून डोक्यात तेच आहे. या घरात सहा वर्षं झाली, एसीची सर्व्हिस दर वर्षी न चुकता करतो, गाडीचं ऑइल बदलतो, आणि या दाराकडे आजपर्यंत ढुंकून बघितलं नाही. तर इथल्या उन्हाने खरंच काय काय खराब होतं, घरच्या घरी काय करता येतं आणि कशाला हात लावायचा नाही, हे अनुभव असलेल्यांनी सविस्तर सांगा प्लीज.

अण्णा_चँडलर | २१ जुलै, रात्री ११:०२

जाई, सगळ्यात आधी एक बरं केलंत की दार वर असताना लाल दोरी ओढली नाही. स्प्रिंग तुटलेली असताना उघड्या दाराची दोरी ओढली तर ते अख्खं दार खाली कोसळतं, खाली कोण आहे ते बघत नाही. दोरी कायम दार पूर्ण खाली टेकलेलं असतानाच ओढायची, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

मी निवृत्त माणूस, आधी भोसरीला प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला होतो, इथे मुलाकडे येऊन आता बरीच वर्षं झाली, या गल्लीतल्या बहुतेक दारांना माझा हात लागलाय त्यामुळे जरा लांबण लावतो.

लोकांना वाटतं दार मोटर उचलते. मोटर उचलत नाही, स्प्रिंग उचलते. दोन गाड्यांचं १६ फुटी लोखंडी दार दीडशे पाउंडांच्या आसपास असतं, इन्सुलेशनवालं असेल तर दोनशेच्याही पुढे. कोकणात विहिरीवर मागच्या टोकाला दगड बांधलेली लाट असायची ती कोणी बघितली असेल तर लगेच समजेल, दगडाच्या वजनाने भरलेलं भांडं वर येतं, माणसाने फक्त हात द्यायचा. इथे स्प्रिंग म्हणजे तो दगड आणि मोटर म्हणजे तो हात. म्हणून एक स्प्रिंग तुटली की मोटर कण्हते, आणि तसंच बटण दाबत राहिलात तर मोटरही जाते.

आता "उन्हाने गेलंय" याबद्दल. स्प्रिंग उन्हाने जात नाही. पन्नास-साठ अंश सेल्सिअस हे त्या पोलादाच्या लेखी काहीच नाही. स्प्रिंग जाते ती फेऱ्यांनी. साधी स्प्रिंग साधारण १०,००० फेऱ्यांची असते, एक फेरी म्हणजे एकदा उघडणं आणि एकदा बंद होणं. आपल्याकडे इथे पुढच्या दाराने फक्त पाहुणे येतात, घरातली सगळी माणसं गॅरेजमधून जातात. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर सात वर्षांच्या आत स्प्रिंगचं आयुष्य संपलं, शाळा-क्लासवाली दोन मुलं असतील आणि आठ फेऱ्या होत असतील तर साडेतीन वर्षांत. पुढच्या वेळी २०,००० किंवा जास्त फेऱ्यांची स्प्रिंग मागून घ्या, थोडे पैसे जास्त जातात पण वसूल होतात.

ऊन खातं ते रबर, प्लॅस्टिक, वंगण, बॅटरी आणि ओपनरच्या आतलं सर्किट. त्यामुळे त्या माणसाचं खालच्या रबराबद्दलचं म्हणणं बरोबर असू शकतं. केबलबद्दल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, तारा उसवलेल्या दिसल्या, विशेषतः खालच्या कोपऱ्यात जिथे केबल अडकवलेली असते तिथे, तर मात्र बदला आणि तोवर दार वापरू नका.

हात कशाला लावायचा नाही: स्प्रिंग, केबल, आणि दाराच्या खालच्या दोन कोपऱ्यांतले ब्रॅकेट. त्या ब्रॅकेटवर सगळा ताण असतो, तिथला बोल्ट सैल केला तर पट्टी गोळीसारखी सुटते. भोसरीला एका चांगल्या फिटरचा अंगठा मी गेलेला बघितलाय, तिथे दार नव्हतं पण स्प्रिंगच होती. बाकी सगळं घरी करता येतं, उद्या सकाळी लिहितो.

पुणेरी_निवडुंग | २२ जुलै, सकाळी ६:५०

अण्णा भारी माहिती. मी दर महिन्याला डब्ल्यूडी-४० चा डबा घेतो आणि सगळीकडे मारतो, बिजागऱ्या, रोलर, दोन्ही बाजूंचे ट्रॅक, सगळीकडे. आवाज एकदम गप्प होतो. पण आठवड्यात परत कुरकुर सुरू. उन्हाने सुकतं का ते?

अण्णा_चँडलर | २२ जुलै, सकाळी ७:३५

निवडुंग, ते सुकत नाही, तुम्ही स्वतःच आतलं वंगण धुऊन काढताय. तो निळा-पिवळा डबा मुळात ओल हटवायला आणि गंजलेलं सैल करायला आहे, त्यात पातळ सॉल्व्हंट असतं. ते जुनं ग्रीस विरघळवतं, दोन दिवस स्वतः वंगणाचं काम करतं आणि उडून जातं, मागे कोरडं लोखंड राहतं. त्याच कंपनीचा सिलिकॉनचा वेगळा डबा मिळतो तो चालेल, किंवा गॅरेज डोअरचं वंगण असं लिहिलेला कुठलाही.

आता कुठे मारायचं ते. प्रत्येक बिजागरीच्या खिळीवर. रोलरच्या मधल्या बेअरिंगवर एक फवारा, चाक नायलॉनचं असेल तर चाकावर नको. वर दांडा ज्या बेअरिंगमध्ये फिरतो त्या दोन टोकांना. स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर लांबून हलका फवारा मारायचा, फवारायला हरकत नाही, पिरगळायची नाही एवढंच. मग दार चारपाच वेळा वरखाली करायचं आणि ओघळलेलं फडक्याने पुसायचं.

ट्रॅकला काहीही लावायचं नाही. हे मी दहा वेळा सांगितलंय तरी लोक ग्रीस फासतात. ट्रॅकमध्ये चाक गडगडत जायला हवं, घसरत नको. आणि आपल्याकडे १५ जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत मान्सून, म्हणजे धुळीच्या वादळांचे दिवस. चिकट ट्रॅकवर ती बारीक तांबूस धूळ बसली की आठवड्याभरात ग्रीस आणि वाळूची लापशी होते, ती चाक खाते. ट्रॅक ओल्या फडक्याने पुसायचा, विशेषतः वाकणाच्या जागी, मग कोरडा करायचा, बस्स. वंगण मी मे महिन्यात एकदा आणि वादळं संपल्यावर ऑक्टोबरात एकदा देतो. मध्ये एखादं मोठं वादळ झालं तर नुसतं पुसून घेतो.

आणि पाना घेऊन बिजागऱ्यांचे नट बघा, बहुतेक ७/१६ इंची सॉकेट बसतं. दार दिवसभर तापतं, रात्री निवतं, वर हादरे बसतात, नट सैल होतातच. हाताला लागेल एवढंच आवळायचं, पिळायचं नाही, पातळ पत्र्यात भोक मोठं होतं.

संतोषी_मटका | २२ जुलै, दुपारी १२:१०

अण्णा आमच्या नागपूरच्या घरी पण शटर आहे कारसाठी, रोलिंगवालं, मोटर नाही, हातानं ओढायचं. इथं मे महिन्यात ४५-४६ जाऊन राहिलं भाऊ, दुपारी शटरला हात लावला का चटकाच बसते, बाबानं कडीला सुती दोरी गुंडाळून ठेवली हाय. शटरवाला दर वर्षी येते अन दोन्ही बाजूच्या गाईडमध्ये ग्रीस भरून जाते. मग ते पण चूक हाय का?

अण्णा_चँडलर | २२ जुलै, दुपारी १:००

मटका, तुमचं यंत्र वेगळं आहे. त्यात चाकं नाहीत, पट्ट्यांची टोकं गाईडमध्ये घासत जातात, म्हणून तिथे काहीतरी वंगण लागतंच. पण घट्ट ग्रीस भरलं की धूळ बसते हे नागपूरलाही तेवढंच खरं. आधी जुनं काळं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पूर्ण पुसून काढायला लावा आणि मग पातळ थर, किंवा सिलिकॉनचा फवारा. आणि वरच्या पाइपातली स्प्रिंग ढिली झाली की शटर जड होतं, बाबा ते जोर लावून ओढत असतील तर पाठ धरेल, शटरवाल्याला स्प्रिंगला पीळ द्यायला सांगा. ते काम त्यालाच करू द्या. दोरीची युक्ती छान आहे.

संतोषी_मटका | २२ जुलै, दुपारी १:२०

बरोबर बोलले, बाबा म्हणूनच राहिले होते का यंदा जड झालं. धन्यवाद अण्णा.

पिओरियाची_माई | २२ जुलै, रात्री ८:४५

दाराच्या खालच्या रबरावर कोणीच नीट बोललं नाही म्हणून मी लिहिते, कारण आमच्याकडे त्याने झोप उडवली होती.

तीन वर्षांपूर्वी नातू रांगायला लागला तेव्हा लाँड्रीच्या खोलीत विंचू निघाला. बार्क स्कॉर्पियन, तो फिकट गव्हाळ, बोटाएवढासुद्धा नाही पण अमेरिकेतला सगळ्यात विषारी तोच. पेस्ट कंट्रोलचा मुलगा आला त्याने औषध मारायच्या आधी मला गॅरेजमध्ये नेलं, भर दुपारी दार लावून आतले दिवे बंद केले आणि म्हणाला आता बघा. दाराच्या खाली दोन्ही कोपऱ्यांत सूर्याच्या रेघा आत येत होत्या, एका कोपऱ्यात तर करंगळी जाईल एवढी. तो म्हणाला विंचवाला एक षोडशांश इंच पुरतो, म्हणजे दोन क्रेडिट कार्डं एकावर एक ठेवली की होते तेवढी फट. औषध कितीही मारा, दार उघडं ठेवून पहारा देण्यासारखं आहे ते. रात्री निळ्या-जांभळ्या यूव्ही टॉर्चने आम्ही दाराबाहेरची भिंत बघितली, चार चमकत होते, हिरवट, जणू काही आतून दिवा लावलाय.

ते रबर इथल्या तापलेल्या काँक्रीटवर बसून बसून आधी चिकटतं, मग कडक होतं, मग पापडासारखं मोडतं. आमच्याकडे सकाळी दार उघडताना फर्रर्र असा आवाज यायचा, ते रबर जमिनीपासून सुटल्याचा आवाज होता हे नंतर कळलं.

मी आणि यांनी ते स्वतः बदललं, सांगते कसं. आधी ओपनरचा प्लग काढला. दार छातीइतकं वर घेऊन दोन्ही ट्रॅकवर रोलरच्या खाली पकडीचे लॉकिंग प्लायर लावले म्हणजे दार सरकणार नाही. दाराच्या खालच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिला लांबीभर दोन खाचा, रबराच्या दोन कडा त्या खाचांत सरकवलेल्या असतात. पट्टीच्या टोकांना पक्कडीने चिमटलेलं होतं ते सोडवलं. जुनं रबर ओढायला गेलो तर तुकडे तुकडे हातात, स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढावं लागलं, खाचांतली माती जुन्या टूथब्रशने. नवीन रबर उन्हात अर्धा तास पसरून ठेवलं, मऊ झालं. भांड्याच्या साबणाचं पाणी खाचांत सोडलं, मी पुढून ओढलं, यांनी मागून भरवलं. १६ फुटाचं दार असेल तर १८ फूट तरी घ्या, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जास्तीचं ठेवून कापा, कारण ते पहिल्या उन्हाळ्यात आखडतं आणि कोपरे परत उघडे पडतात. आम्ही पहिल्यांदा बरोबर मापात कापलं होतं आणि सप्टेंबरात परत रेघ दिसली. दुकानात जाताना जुन्या रबराचा वीतभर तुकडा बरोबर न्या, कडेचा आकार टी आहे की गोल मणी ते बघून घ्या, नाहीतर बसतच नाही.

आणि नवीन रबर चिकटू नये म्हणून मी महिन्यातून एकदा त्याला सिलिकॉनचं फडकं फिरवते. बाजूच्या आणि वरच्या पट्ट्यासुद्धा बघा, त्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात आणि उन्हाने वाकून दारापासून सुटतात.

वाळूतली_जाई | २२ जुलै, रात्री ९:३०

माई, आत्ता जाऊन टॉर्चने बघितलं. कोपऱ्यात रबर नाहीच आहे, नुसती पट्टी. आणि आमची लाँड्रीही त्याच भिंतीला. उद्याच मागवते. खूप खूप धन्यवाद.

मावळतीचं_घर | २३ जुलै, संध्याकाळी ५:५५

माझा एक वेगळाच त्रास आहे, आत्ता तोच चालू आहे म्हणून लिहितोय. आमचं गॅरेज पश्चिमेला तोंड करून. सकाळी दार व्यवस्थित, संध्याकाळी साडेपाच ते सातपर्यंत बंदच होत नाही, थोडं खाली येतं, परत वर जातं, ओपनरचा दिवा लुकलुकतो. सेन्सर पुसले, वायर बघितल्या. ऑफिसातून आलो की दार उघडं टाकून सूर्य मावळायची वाट बघत बसायचं. नवीन सेन्सरची जोडी घेऊ का?

तंत्रज्ञ_ताई | २३ जुलै, संध्याकाळी ६:२०

घेऊ नका. तुमच्या सेन्सरच्या डोळ्यात ऊन जातंय.

दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत ते दोन डोळे असतात ना, त्यातला एक इन्फ्रारेड किरण पाठवतो आणि दुसरा घेतो. उतरतं ऊन सरळ घेणाऱ्या डोळ्यात गेलं की त्याला किरण वेगळा दिसत नाही, मध्ये काहीतरी आहे असं समजून तो दार परत वर पाठवतो. भर उन्हात पेटलेली काडी शोधण्यासारखं. उपाय दोन. एक, पुठ्ठ्याची नळी, टॉयलेट पेपरच्या आतली चालते, आतून काळी करून घेणाऱ्या डोळ्यावर टोपीसारखी चढवा, तीनचार इंच पुरते. दोन, कायमचा उपाय, दोन्ही सेन्सरची अदलाबदल करा म्हणजे घेणारा सावलीतल्या बाजूला जाईल. बऱ्याच ओपनरमध्ये पिवळसर दिवा पाठवणाऱ्यावर आणि हिरवा घेणाऱ्यावर असतो, तरी तुमच्या मॉडेलचं पुस्तक बघा. अदलाबदल केल्यावर दोघांची तोंडं समोरासमोर हवीत, दिवा स्थिर राहिला की जुळलं.

तोवर भिंतीवरचं बटण दाबून धरलंत तर दार पूर्ण बंद होईल, पण तिथे उभं राहून, डोळ्यांसमोर दार ठेवूनच. आणि एक कळकळीची विनंती, कोणी ते सेन्सर काढून छताला एकमेकांसमोर चिकटवून ठेवू नका. मी दोन घरांत बघितलंय, "कटकट नको" म्हणून. अमेरिकेत १९९३ पासून बनलेल्या घरगुती ओपनरना हे सेन्सर किंवा तसलीच दुसरी सोय सक्तीची झाली ती दाराखाली लहान मुलं सापडून दगावली म्हणूनच. त्या डोळ्यांच्या पातळीत रांगतं मूलही येतं, म्हणून ते एवढे खाली.

महिन्यातून एकदा दोन परीक्षा घ्या. दार बंद होत असताना सेन्सरसमोर झाडूचा दांडा घाला, दार लगेच वर गेलं पाहिजे. दुसरी, दाराखाली मधोमध दोन बाय चारची फळी आडवी टाका, दीड इंच जाडीची, आणि बटण दाबा. फळीला टेकल्या टेकल्या दार उलटं फिरायला हवं. फळी दाबत बसलं तर ओपनरचा जोर कमी करून घ्यायचा आणि तोवर दार मोटरवर वापरायचं नाही.

मावळतीचं_घर | २३ जुलै, संध्याकाळी ६:५०

पुठ्ठ्याची नळी लावली. ऊन अजून समोरच आहे आणि दार बंद झालं!!! दोन वर्षं मी वाट बघत बसलोय मंडळी. शनिवारी अदलाबदल करतो.

कपाट_भरलेलं | २४ जुलै, रात्री ९:०५

माझ्याकडून एक इशारा. २०२३ ला फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेलं होतं ना, त्या उन्हाळ्यात आमच्या गॅरेजमध्ये फ्रीज बंद पडला म्हणून मी दाराला आतून इन्सुलेशनचं किट लावलं. पांढरे फोमचे तक्ते, दोन दिवस लागले, गॅरेज खरंच निवलं, हात लावला तर आधी दार आतूनही भाजायचं ते थांबलं. पण दोनेक महिन्यांनी ओपनर घरघरायला लागला. एक दिवस मोटर फिरतेय, साखळी हलत नाही. झाकण उघडलं तर आत सगळीकडे पांढरा चुरा, खोबऱ्याच्या किसासारखा. आतलं नायलॉनचं दातेरी चाक पूर्ण झिजलेलं. आता अण्णांचं वाचून कळलं की दार जड झालं आणि स्प्रिंग तीच, म्हणजे ते जास्तीचं वजन तेवढे दिवस मोटर उचलत होती.

अण्णा_चँडलर | २४ जुलै, रात्री ९:४०

अगदी तेच झालं. इन्सुलेशन लावा, जरूर लावा, पश्चिमेच्या दाराला तर लावाच, पण लावल्यावर माणूस बोलवून दाराचं वजन करून स्प्रिंग जुळवून घ्यायची. नवीनच दार घेणार असाल तर कारखान्यातून फोम भरलेलं घ्या, त्याला स्प्रिंग त्याच वजनाची येते. गडद रंगही जपून, काळं-तपकिरी दार पश्चिमेच्या उन्हात इतकं तापतं की पत्रा आणि फोम वेगवेगळे ताणतात आणि दार पोट काढतं. रंग बदलायचा तर आधी एचओएला (घरमालकांच्या सोसायटीला) विचारा आणि दार बनवणाऱ्याच्या सूचना वाचा.

ओपनरला बॅटरी असेल तर तिच्याकडेही बघा. ती लेड-ॲसिडची असेल तर उष्णतेने लवकर मरते, बॅटरीवाल्यांचा जुना हिशोब आहे की तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं की आयुष्य निम्मं. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी प्लग काढून एकदा दार बॅटरीवर चालवून बघायचं. मान्सूनच्या वादळात वीज गेल्यावर कळण्यात अर्थ नाही.

ह्यूस्टनची_ओवी | २५ जुलै, सकाळी ८:१५

आमच्याकडे ऊन तुमच्याइतकं नाही पण दमटपणा भयंकर, त्यामुळे स्प्रिंग आणि केबल गंजतात, वंगण वर्षातून तीन-चार वेळा द्यावं लागतं. तुमचं कोरडं हवामान त्या बाबतीत बरं. शेजाऱ्यांचं लाकडी दार आहे, ते फुगतं आणि आखडतं, खालच्या कडेला रंग उडाला की पाणी पितं, त्यांना दर वर्षी खालची कड रंगवावी लागते.

अजून एक, रिमोट जवळ नेल्याशिवाय चालत नसेल तर ओपनरमधला एलईडी बल्ब काढून बघा. काही स्वस्त बल्ब रेडिओ लहरींत गोंधळ करतात. आम्ही रिमोटची बॅटरी तीन वेळा बदलली होती.

पुणेरी_निवडुंग | २५ जुलै, सकाळी ८:४०

अण्णा, ती स्प्रिंग बरोबर जुळलीय का हे आपल्याला घरी कसं कळणार? तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात "उद्या लिहितो" आणि ते राहिलंच.

अण्णा_चँडलर | २५ जुलै, सकाळी ९:२०

हो राहिलं खरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

दार पूर्ण बंद करा. लाल दोरी ओढा, टक् असा आवाज येऊन दार ओपनरपासून सुटतं. मग हँडलने हळूहळू उचला, बोटं दोन फळ्यांच्या सांध्यात घालू नका, तिथे चिमटा बसतो. कमरेपर्यंत आणा, म्हणजे अर्धं उघडं, आणि हात अगदी किंचित सैल करा, पण हाताशी ठेवा. दार तिथेच थांबलं तर स्प्रिंग बरोबर. खाली बसायला लागलं तर स्प्रिंग ढिली, वर पळायला लागलं तर जास्त पिळलेली. उचलताना कुठे अडकतंय, कुठला रोलर खडखडतोय हेही हाताला कळतं, मोटर चालू असताना ते कधीच कळत नाही. झालं की दार खाली टेकवून परत जोडायचं, बहुतेक ओपनरमध्ये बटण दाबलं की आपोआप अडकतं.

दोन मिनिटांचं काम आहे, तीन महिन्यांतून एकदा करा, आणि कोणीही स्प्रिंगला हात लावून गेला की त्याच्यासमोर करा, पैसे द्यायच्या आधी.

वाळूतली_जाई | २५ जुलै, रात्री ८:१०

अण्णा, आत्ता करून बघितलं. कमरेपर्यंत आणलं, हात सैल केला आणि दार खाली जायला लागलं, हळूहळू नाही, चांगलं वेगात, नवऱ्याने धरलं म्हणून बरं. पाच दिवसांपूर्वी नव्या स्प्रिंगा बसवल्यात! परत केलं, परत तेच. व्हिडिओ काढून ठेवलाय. उद्या सकाळी फोन करते.

तंत्रज्ञ_ताई | २५ जुलै, रात्री ८:३५

व्हिडिओ पाठवा आणि लेखी मागा. बहुतेक कंपन्या कामाची वॉरंटी देतात, बिलावर बघा. आणि तोवर दार कमीत कमी वापरा.

वाळूतली_जाई | २९ जुलै, सकाळी ७:२५

काल दुसरा माणूस आला, पहिला नाही. मी आधी त्याच्याच समोर दार अर्ध्यावर सोडून दाखवलं. त्याने काही वाद घातला नाही, लोखंडी दांडे काढले, दोन्ही स्प्रिंगांना एकेक पूर्ण पीळ दिला, खुणेची पांढरी रेघ दाखवली, म्हणाला ही वळलेली रेघ मोजली की किती पीळ दिलेत ते कळतं. मग मला म्हणाला आता तुम्हीच बघा. कमरेपर्यंत नेऊन हात काढला आणि ते एवढं मोठं दार हवेत तसंच उभं राहिलं. मी दोन बोटांनी वर ढकललं तर वर गेलं. मुलगी म्हणाली मी करू, तिलाही जमलं, आठ वर्षांची आहे.

पैसे घेतले नाहीत. मी विचारलं ओपनर बदलायला हवा का, त्याने मोटर चालवून ऐकलं आणि म्हणाला एवढ्यात नको.

माईंनी सांगितल्याप्रमाणे वीतभर तुकडा घेऊन रबर आणलंय, टी आकाराचंच आहे. उद्या सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, लावायला घेतोय. माई, खाचेतून ते जुनं काढताना अर्ध्यावर तुटून आत राहिलं तर पट्टी सोडवावी लागते का?

पिओरियाची_माई | २९ जुलै, सकाळी ७:५०

नाही गं, सोडवू नकोस. दुसऱ्या टोकाने काढ, आणि लांब स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला साबणाचं पाणी लावून आत सरकव, निघतं. हातमोजे घाल, ती पट्टी कडेला धारदार असते. झालं की दुपारी दिवे बंद करून बघ आणि कळव.